पडदे आधी, इंजिन नंतर

जुनी कॅम्पर व्हॅन विकणारा माणूस इंजिनाबद्दल सगळ्यात शेवटी बोलतो. आधी पडदे दाखवतो. मग पडद्यांना शोभतील अशा उशा, मग ओढून बाहेर काढायचा ओटा, त्यावरची दोन बर्नरची शेगडी, खाली दडवलेला 5 किलोचा सिलिंडर आणि छताला चिकटवलेली पिवळी दिव्यांची माळ. ती माळ लागली की गिऱ्हाइकाच्या बायकोच्या तोंडून 'अय्या' निघतं आणि त्याच क्षणी गाडीची किंमत पन्नासेक हजारांनी वर सरकते. इंजिन? आहे की पुढे. चालू आहे.

गिऱ्हाईकही काही कमी नसतं. आपल्या माणसाला घर बघायची सवय असते, गाडी बघायची नसते. घर बघताना तो नळ सोडून बघतो, भिंतीला टिचक्या मारतो, कार्पेट किती आणि बिल्टअप किती ते विचारतो. व्हॅनमध्ये शिरला की तोच माणूस जागा होतो. गादीची लांबी टेपने मोजतो, कपाटाचं दार तीनदा उघडून मिटतो, सनमायकाचा कोपरा नखाने उचकटून पाहतो. या घराच्या पुढच्या टोकाला अडीच लिटरच्या आसपासचं डिझेल इंजिन आहे आणि हे घर हलेल की नाही ते त्याच्यावर ठरणार आहे, ही बाब गौण.

माझे दाजी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी भारत बघायचा ठरवला. या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या गाड्यांना कर्जं मंजूर केली आणि स्वतःची नोकरी एका मारुती 800 वर काढली. आता त्यांना घर बरोबर घेऊन फिरायचं होतं. प्रेरणा अर्थातच यूट्यूब. त्यात एक तरुण जोडपं स्पितीत व्हॅनचं मागचं दार उघडतं, समोर बर्फाचे डोंगर असतात आणि हातात वाफाळती कॉफी. आम्ही पहिल्या व्हॅनचं मागचं दार उघडलं तेव्हा समोर पिंपळे सौदागरमधल्या एका सोसायटीचा ओल्या कचऱ्याचा डबा होता. ताई म्हणाली, "कॉफी नको, घरी जाऊनच घेऊ."

आपल्याकडे जुनी कॅम्पर शोधायला निघालं की फिरून फिरून ट्रॅव्हलरपाशीच यावं लागतं. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सने, 1987 साली ती आणली. आराखडा मर्सिडीजच्या टी-1 या जर्मन व्हॅनचा, आणि इंजिनही मर्सिडीजच्या परवान्याने इथे बनवलेलं. या एका खऱ्या गोष्टीवर विकणाऱ्यांच्या दोन पिढ्या पोट भरतायत. गाडी कुठल्याही सालची असो, बॉनेट उघडल्याबरोबर वाक्य येतं, "साहेब, मर्सिडीजचं इंजिन आहे." दाजींनी हे वाक्य घरी फोनवर जसंच्या तसं सांगितलं. संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर मर्सिडीज घेतल्याबद्दल अभिनंदनाचे गुच्छ येऊन पडले होते, आणि एका चुलतभावाने पेढे कधी ते विचारलं होतं.

ट्रॅव्हलर जन्मतः कॅम्पर नसते. तिचा एक पूर्वजन्म असतो आणि तो विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. एक पांढरीशुभ्र गाडी आम्हाला 'डॉक्टरांची, फॅमिली युज' म्हणून दाखवली गेली. ताईने सहज दाराच्या बिजागरीत डोकावून पाहिलं, तर आत शाळेच्या बसचा पिवळा रंग. सीटखाली च्युइंगगमचे थर आणि खिडकीच्या चौकटीवर कंपासच्या टोकाने कोरलेला बदाम, त्यात दोन इंग्रजी अक्षरं. दुसऱ्या गाडीच्या छताला मध्यभागी एक गोल ठिगळ होतं. दाजींनी विचारलं, "इथे काय होतं?" एजंट म्हणाला, "दिवा." दाजी म्हणाले, "कसला दिवा?" एजंटाने थोडं थांबून सांगितलं, "साहेब, झोपायची सोय मात्र आधीपासूनची आहे." ताई खाली उतरली ती पुन्हा चढली नाही.

घरी वेगळीच आघाडी उघडली होती. दाजींच्या मातोश्रींनी एकच प्रश्न विचारला, "दार कुठल्या दिशेला?" दाजी म्हणाले, "आई, चाकं आहेत. म्हणाल त्या दिशेला वळवू." मातोश्री म्हणाल्या, "मग पूर्वेला वळव." दाजींनी कागद घेतला. ट्रॅव्हलरचं दार डाव्या अंगाला. ते पूर्वेला करायचं तर गाडीचं तोंड दक्षिणेला येतं. दाराशेजारचा ओटा बरोब्बर आग्नेयेला गेला. दाजी खूश. पण गादी मागे, म्हणजे उत्तरेला. उत्तरेकडे डोकं करून झोपणं आमच्याकडे निषिद्ध, म्हणून उलटं झोपायचं, तर डोकं सिलिंडरपाशी. त्यात मातोश्रींना मूळ मुद्दा आठवला, "आणि गाडीचं तोंड दक्षिणेला? निघायच्या आधीच यमाकडे?" यावर दाजींनी गोवा, कर्नाटक, कन्याकुमारी एवढ्याच सहली करायची तयारी दाखवली. काश्मीर शास्त्राच्या कारणास्तव रद्द झालं.

एवढं सगळं झाल्यावर कुणाला तरी मिस्त्रीची आठवण झाली.

डिझेल गाड्यांचा खरा मिस्त्री बोलत नाही. हा आला तेव्हा एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक होतं. ते चुंबक तो पत्र्यावरून फिरवत गेला. चिकटलं तिथे पत्रा. सरकून पडलं तिथे लांबी. चाकांच्या कमानीपाशी ते जवळजवळ सगळीकडेच सरकत होतं. "गाडी कोकणातली?" त्याने विचारलं. विकणारा म्हणाला, "नाही हो, कधीतरी जाते." मिस्त्रीने खाली वाकून चासीवर टॉर्च मारला आणि गंजाचा पापुद्रा बोटाने सोलून विकणाऱ्याच्या तळहातावर ठेवला. खारं वारं खाल्लेल्या चासीला वरून काळा रंग मारला की फोटोत ती नवी दिसते. बोटाला दिसत नाही.

मग तो बॉनेटपाशी आला. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि विकणाऱ्याकडे पाहिलं. आम्ही मुद्दाम सकाळी सातला गेलो होतो. डिझेल गाडी थंड असताना चालू करून बघायची, हा या धंद्यातला पहिला नियम; गरम इंजिन कुणाचंही चालू होतं. बॉनेट चांगलं ऊबदार होतं.

"आत्ताच फिरून आली का?"

"छे, छे. उन्हात होती."

डिसेंबरातल्या सकाळी सातच्या उन्हात. मिस्त्री काही बोलला नाही. तिथेच एका दगडावर बसून त्याने चहा मागवला आणि इंजिन थंड होईपर्यंत बसून राहिला. तेवढ्या वेळात विकणाऱ्याने दोनदा पडदे दाखवले.

गाडी चालू झाली तसा विकणारा सायलेन्सरच्या पुढ्यात, आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. मिस्त्रीने त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. धुराचं शास्त्र त्याने दाजींना चार वाक्यांत सांगितलं. पांढरा धूर थंड इंजिनाला सुरुवातीला माफ, पण गरम झाल्यावरही राहिला तर पाणी आत जातंय, हेड गॅस्केट बघा. काळा असेल तर डिझेल जास्त आणि हवा कमी, मग फिल्टर, नोझल नाहीतर पंप. निळा दिसला की ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा, पिस्टन, सगळंच उतरवा. काहीच दिसला नाही तर आणखी थांबा. दाजी वहीत लिहून घेत होते. ताईने विचारलं, "आणि राखाडी असला तर?"

"तर चष्मा पुसा, काकू."

मग त्याने चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि भोकावर उलटं ठेवलं. मला वाटलं, ठेवायला जागा नाही म्हणून ठेवलं असेल. ते झाकण आधी थरथरलं. मग एका काठावर उभं राहून टकटक वाजायला लागलं, आणि एकदम उडून रेडिएटरच्या बाजूने खाली गेलं. भोकातून फकफक धूर आला, त्याच्याबरोबर काळ्या थेंबांची बारीक फवारणी, आणि दाजींच्या इस्त्रीच्या शर्टावर खिशापासून कॉलरपर्यंत नक्षी उमटली. "बॅक कॉम्प्रेशन," मिस्त्री म्हणाला. सिलिंडरमधला दाब रिंगांना न जुमानता खाली चेंबरमध्ये उतरत होता. विकणारा गाडीखालून झाकण काढून आणत म्हणाला, "डिझेल गाडी म्हटल्यावर एवढं असतंच." हे या व्यवसायाचं ब्रीदवाक्य आहे. गळती, धूर, आवाज, हादरा, गिअरची करकर, कशाबद्दलही विचारा, उत्तर तेच.

त्याच न्यायाने दाजींनी एका ठिकाणी ऑइलची पट्टी ओढून काढली आणि काळंभोर ऑइल बघून ते हादरले. मिस्त्री म्हणाला, "डिझेलमध्ये नवं ऑइल टाकलं तरी बघता बघता काळं होतं. जुन्या डिझेलमध्ये मधासारखं पिवळं दिसलं तर विचारा, काल का बदललं?" पुढची गाडी बघायला गेलो. ऑइल पिवळंधमक. मीटरवर 62,000 किलोमीटर आणि क्लचच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत. टायर 'नवेच' होते, पण टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, हे विकणाऱ्याच्या गावी नव्हतं. तिथे 1416 होतं. म्हणजे 2016 सालचा चौदावा आठवडा.

सगळ्यात देखणी गाडी वाकडला मिळाली. आयटीतलं जोडपं, लॉकडाउनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा घेतलेली. छतावर सोलर, आत लिथियम बॅटरी, टाकीत पाणी किती ते मोबाइलवर दिसायचं, मरीन प्लायचं फर्निचर. मग ऑफिसने परत बोलावलं आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. त्या मुलाने अभिमानाने सांगितलं, "काका, टॉयलेट तर एकदाही वापरलेलं नाही." तसं कुठल्याच कॅम्परमधलं वापरलेलं नसतं. विकत घेताना ते पाहिजेच असतं, आणि पहिल्या रात्री प्रश्न निघतो की उद्या सकाळी हे रिकामं कोण करणार. नवरा-बायको एकमेकांकडे बघतात आणि पुढची सगळी सहल एका पेट्रोल पंपापासून दुसऱ्या पेट्रोल पंपापर्यंत होते. मिस्त्रीने ही गाडी चालूच केली नाही. बॅटरी मेलेली, टाकीच्या तळाला पाणी आणि गाळ, पाइपांची रबरं तडकलेली. "डिझेल रोज चाललेलं बरं," तो म्हणाला. "चार लाख किलोमीटर पळालेली आणा, चालेल. उभी नको." ताईचा मात्र तिथून पाय निघेना. तिथले पडदे लिननचे होते.

इथवर तीन माणसं तीन वेगवेगळ्या गाड्या बघत होती हे माझ्या लक्षात आलं. ताई पडदे बघत होती, मिस्त्री इंजिन बघत होता आणि दाजी कागद. बँकेच्या माणसाला गाडीत बसून जो आनंद होत नाही तो तिच्या आरसीवर बोट फिरवून होतो. बोजा उतरलाय का? फॉर्म 35 कुठाय? विमा चालू आहे? 29 आणि 30 वर सही बँकेतल्या सहीशी जुळते का? एका विकणाऱ्याकडून त्यांनी तीन वेळा सही करून घेतली आणि तिन्ही वेळा "नॉट टॅली" म्हणून मान हलवली. तो बिचारा घाबरून स्वतःची सही विसरला.

पण या कागदांनीच खरी गंमत केली. लिननचे पडदे आणि दोन बर्नरची शेगडी असलेली ती टुमदार गाडी आरसीवर काय होती? 'ओम्नी बस'. आपल्याकडे वाहनांच्या सरकारी वर्गवारीत 'कॅम्पर व्हॅन' हा स्वतंत्र वर्ग आहे. रोड रोलर, फोर्कलिफ्ट आणि शववाहिनी ज्या यादीत आहेत, त्याच यादीत. 2021 साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण सुताराला बोलावून सीटा उपटणारे लोक आरटीओत जायचं विसरतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने जशी गाडी बनवली त्यात असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठणकावून सांगितलं. म्हणजे कायद्याच्या लेखी ती बस, तिच्यातल्या सीटा गायब, आणि सीटांच्या जागी कुणीतरी उपमा करतंय. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला याहून चांगलं कारण कुठलं? पिवळ्या पाटीची, टुरिस्ट परमिटची गाडी असेल तर ती पांढऱ्या पाटीवर आणायचा सोहळा वेगळा. एजंट म्हणतो, "होऊन जाईल." 'होऊन जाईल' हे ज्या कामाबद्दल ऐकू येतं ते काम आपल्यालाच करायचं असतं.

मधेच एजंटाने दिल्लीची गाडी सुचवली. निम्म्या किमतीत. कारण उघड आहे. दिल्लीत 10 वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने 2015 साली बंदी घातली, 2018 साली सर्वोच्च न्यायालयानेही तिच्यावर शिक्का मारला, आणि तिथल्या धडधाकट गाड्या एनओसी हातात घेऊन देशभर निघाल्या. दाजींनी इकडे आणल्यावर भरायचा रोड टॅक्स मांडला आणि वही मिटली. माझा भाचा जर्मनीत असतो. तो तिकडून जुन्या फोक्सवॅगन व्हॅनचे फोटो पाठवायचा. त्यांच्याकडे उलटं. शहरांच्या पर्यावरण क्षेत्रात जुन्या धुरकट डिझेलला प्रवेश नाही, पण गाडी 30 वर्षांची झाली, मूळ रूपात नीट सांभाळलेली असली आणि तिला वारसा वाहनाची 'एच' पाटी मिळाली, की तिला मोकळं रान. मधली वर्षं कशीतरी काढायची, मग मान मिळतो. दाजींना हे धोरण फार पटलं. ते स्वतः नुकतेच साठीचे झाले होते.

शेवटी जी गाडी घेतली तिचे पडदे जांभळे होते आणि त्यांवर सोनेरी मोर होते. इंजिनात थोडं बॅक कॉम्प्रेशन होतं. झाकण थरथरलं, पण उडालं नाही. गाडीने आधी एका कारखान्याच्या कामगारांची ने-आण केली होती, म्हणजे भरपूर पळालेली, पण वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली. आणि आरसीवर स्वच्छ अक्षरांत 'कॅम्पर व्हॅन' होतं. ते शब्द वाचताना दाजींचा आवाज भरून आला. विकणाऱ्याने नेमकं तेच टिपलं आणि साडेनऊ लाख सांगितले.

भाव करणं हे काम दाजींना जमत नाही. व्याजदर वरून येतो आणि तोच सांगायचा, ही त्यांची सवय. ते काम मिस्त्रीने केलं, तेही तोंड न उघडता. तो गाडीभोवती एक फेरी मारायचा, एका ठिकाणी थांबायचा, वाकून बघायचा आणि नुसती मान हलवायचा. कमानपाट्यांपाशी थांबला, विकणारा नऊवर आला. हाउसिंगला बोट लावून वास घेतला, पावणेनऊ. मागच्या क्रॉसला धरून हलवलं, साडेआठ. मग तो काहीही न करता सरळ जाऊन आपल्या स्कूटरवर बसला. आठ. घरी येताना मी त्याला विचारलं, शेवटी काय दिसलं होतं? म्हणाला, "काही नाही. कंबर धरली होती."

ॲव्हरेज किती देते, हे आता सगळी बिल्डिंग विचारते. लिटरला दहा-बारा, असं दाजी सांगतात आणि लोक हळहळतात. गाडी उंच, त्यामुळे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये मावत नाही आणि गेटाशेजारी उभी असते. त्यावरून सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी अभ्यासू माणूस आहे. त्याचं म्हणणं असं की, गाडीत ओटा आहे, पलंग आहे, मोरी आहे, म्हणजे हे निवासी युनिट झालं. मालक त्यात राहतो का? राहत नसेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागू होतात. राहत असेल तर मेंटेनन्स. आणि टाकीत पाणी भरत असाल तर पाणीपट्टी वेगळी. खजिनदाराने विचारलं की मग शेअर सर्टिफिकेटही द्यावं लागेल का. दाजींनी वही उघडून हिशोब मांडला. नॉन-ऑक्युपन्सी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच आकारता येते, मेंटेनन्स पूर्ण. त्यांनी नॉन-ऑक्युपन्सी मान्य केली आणि पावती मागितली. पावतीवर पत्ता काय घालायचा, यावर पुढच्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे.